न लागलेल्या आगीचा हिशेब

बँकेत ज्याला बढती देता येत नाही त्याला जबाबदारी देतात. मी गेली बावीस वर्षे क्लार्क आहे. मधल्या काळात बँकेने आमच्या पदाचे दोनदा बारसे केले. दर खेपेला नाव लांबले. काउंटर तोच राहिला. या बावीस वर्षांत माझ्याकडे तीन जबाबदाऱ्या चालत आल्या. पहिली स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली, दुसरी सत्यनारायणाची वर्गणी आणि तिसरी आग.

घाबरू नका. आग लावण्याचे काम आमच्या हेडकॅशियरकडे आहे आणि ते कोणताही भत्ता न घेता निष्ठेने करतात. माझ्याकडे आहे ते आग विझवण्याचे. म्हणजे चौदा लाल डबे, चार लाल बादल्या आणि एक रजिस्टर.

डबे म्हणजे कागदोपत्री ज्यांना 'अग्निशामक उपकरणे' म्हणतात ते. आमची ब्रँच गिरगावात एका जुन्या इमारतीत आहे. जिना लाकडी. त्यावर पाय ठेवला की इमारत आपले वय सांगते. या जिन्यापासून बॅटऱ्यांच्या खोलीपर्यंत जागोजागी हे डबे टांगलेले असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. शिपाईमामा एकावर आपली टोपी अडकवतात, दुसऱ्यावर ओली छत्री. एवढाच काय तो त्यांचा जनसंपर्क.

बादल्यांची गोष्ट निराळी. या बादल्यांचा तळ गोल असतो. मी नोकरीला नवीन लागलो तेव्हा ही बादली ज्याने बनवली त्याच्या बुद्धीची मला कीव आली होती. जमिनीवर ठेवली की कलंडते ती बादली कसली? घरी बोललो तेव्हा बाबा हसले. बाबा लालबागच्या एका मिलमध्ये होते. म्हणाले, "अरे, सपाट तळाची बादली दुसऱ्या दिवशी संडासात जाते. गोल तळाची कोण नेणार?" म्हणजे बादली बनवणाऱ्याने आगीचा विचार नंतर केला होता, आधी माणसाचा केला होता. आमच्या बादल्यांत वाळू आहे असे रजिस्टर म्हणते. प्रत्यक्षात त्या वाळूत बसची तिकिटे, उदबत्तीच्या काड्या आणि ब्रँच उघडल्यापासूनचे पान आहे.

आता रजिस्टर. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यात एक ओळ लिहायची असते : "सर्व उपकरणे समक्ष तपासली. सुस्थितीत आढळली." आणि खाली सही. चौदा डबे समक्ष तपासायला मला साधारण चार सेकंद लागत. पेन सापडत नसले तर थोडा जास्त वेळ. यात मला कधी काही वावगे वाटले नाही. माझ्या आधीचे गृहस्थ असेच करत आणि ते सन्मानाने निवृत्त झाले. त्यांना निरोप देताना मॅनेजरांनी त्यांच्या कर्तव्यदक्षतेचा दोनदा उल्लेख केला होता.

या डब्यांची दरवर्षी सर्व्हिसिंग करून घ्यावी लागते. शिवाय २००६ सालचा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत लायसन्स असलेल्या एजन्सीकडून 'सगळे ठीक आहे' असा दाखला घेऊन सादर करायचा असतो. दाखला हवा म्हणजे सर्व्हिसिंग हवी, आणि सर्व्हिसिंग हवी म्हणजे तीन कोटेशने हवीत.

तीन कोटेशने आली. पहिले ७,८४० रुपयांचे, दुसरे ६,३०० रुपयांचे आणि तिसरे २,१०० रुपयांचे. मॅनेजरसाहेबांनी तिसऱ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशा नजरेने वधूपिता हुंडा न मागणाऱ्या स्थळाकडे पाहतो. हुंडा का मागत नाही हे अशा वेळी विचारायचे नसते. नियमही आमच्या बाजूने होता. सर्वांत कमी दर मंजूर करायचा. मी फाइलीवर लिहिले, "बँकेची रु. ५,७४० इतकी बचत झाली." कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मी ती वजाबाकी दोनदा तपासली. त्या सबंध फाइलीत मी खरोखर तपासलेली तेवढी एकच गोष्ट.

यथावकाश सर्व्हिसिंगवाला आला. विशीतला मुलगा, पाठीवर सॅक. आला, चौदा डब्यांवरून फडके फिरवले, चौदा स्टिकर लावले, चहा घेतला आणि गेला. एकंदर पंचवीस मिनिटे. त्यातली दहा चहाची. काम झाल्यावर डबे असे चमकत होते की शिपाईमामांनी दोन दिवस टोपी अडकवली नाही.

अशी चार वर्षे गेली. दरवर्षी तोच दर, तोच मुलगा, तोच चहा. आग लागली नाही. म्हणजे सर्व्हिसिंग उत्तम होती, नाही का?

अग्निशमन दिन १४ एप्रिलला असतो. त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, म्हणून बँकेला सुट्टी. त्यामुळे बँकेने अग्निशमन दिन असा कधी पाहिलाच नाही. पण १४ ते २० एप्रिल हा सगळा सप्ताहच असतो, आणि यंदा आमच्या इमारतीतल्या एका उत्साही भाडेकरूने अग्निशमन दलाच्या माणसांना प्रात्यक्षिकासाठी बोलावले. ब्रँचतर्फे कोण जाणार? ज्याच्याकडे आग आहे तो.

अंगणात आम्ही वीसएक माणसे उभी होतो. आलेले अधिकारी मध्यमवयीन, मितभाषी होते. त्यांनी आधी १४ एप्रिल का, ते सांगितले. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. युद्धाचे दिवस. जहाजात दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. दुपारी आग लागली. बंबवाले धावले, पाण्याचा मारा करीत राहिले आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकंदर माणसे शेकड्यांनी गेली. माझी आजी तेव्हा लालबागला नव्याने लग्न होऊन आली होती. फळीवरची भांडी आपोआप खाली आली, एवढेच ती सांगत असे. आणि नंतर गप्प बसत असे.

आम्हा बँकवाल्यांना या स्फोटातले वेगळेच लक्षात राहते. त्या जहाजात सोन्याच्या विटाही होत्या. स्फोटाने त्या आकाशात उडाल्या आणि त्यातली एक लांबवर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत आली. त्याने ती परत केली. ही हकिगत आमच्या हेडकॅशियरनी जेव्हा जेव्हा ऐकली आहे तेव्हा तेव्हा त्यांनी "परत केली?" असा एकच प्रश्न विचारला आहे.

मी मात्र त्या दिवशी कापसाच्या गाठींपाशी अडकलो. दारूगोळ्याच्या जहाजात कापूस भरताना कागद झाले असतील. पावत्या झाल्या असतील. कोणीतरी, कुठल्यातरी टेबलावर बसून, सही केली असेल. आणि त्याने केली तेव्हा ती सही माझ्या सहीहून फार निराळी दिसत नसणार.

मग अधिकाऱ्यांनी एकेकाला डबा चालवायला दिला. मी पुढे झालो आणि जोर लावून दांडी दाबली. काही होईना. "साहेब, आधी पिन काढा," ते म्हणाले. पिन काढली. मग सगळी पावडर मी आगीऐवजी समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या साड्यांवर सोडली. पंधरा-वीस सेकंदांत डबा रिकामा! मला वाटले होते, निदान पाच मिनिटे तरी चालेल. "एवढंच असतं," ते म्हणाले. "मोठी आग याने विझत नाही. पण पहिल्या मिनिटाची आग विझते. मोठीला आम्ही येतोच. आम्ही येईपर्यंतचा वेळ तेवढा तुमचा."

'आम्ही येतोच' हे शब्द ते 'पोस्टमन येतोच' म्हणावे तसे म्हणाले. पण गिरगावात उभे राहून ते शब्द ऐकणे सोपे नाही. आमच्या ब्रँचपासून चालत जाण्याच्या अंतरावर काळबादेवीत ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली होती. अग्निशमन दलाचे अधिकारी आले, आत गेले आणि इमारत कोसळली. चार अधिकारी गेले. मुंबईचे मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर त्यांतले एक. ज्या माणसाने खुर्चीत बसून वायरलेसवर हुकूम सोडले असते तरी कोणी नाव ठेवले नसते, तो माणूस जागेवर गेला होता. त्या आगीशी आमच्या डब्यांचा काही संबंध नाही. पण 'ते येतातच' याचा अर्थ मला तेव्हापासून ठाऊक आहे. आपण पहिले मिनिट वाया घालवले तर त्याचे बिल आपल्याच नावावर फाटेल असे नाही. ते जिना चढून येणाऱ्याच्या नावावरही फाटू शकते.

प्रात्यक्षिक संपल्यावर अधिकारी आमच्या ब्रँचमध्ये चहाला आले. बॅटऱ्यांच्या खोलीबाहेरच्या डब्यापाशी थांबले. हा डबा कार्बन डायऑक्साइडचा. विजेच्या आगीसाठी. याला लांब कर्ण्यासारखे तोंड असते. त्यांनी मला विचारले, "याला काटा नसतो. मग हा भरलेला आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

मी आत्मविश्वासाने म्हणालो, "स्टिकरवरून."

ते हसले असते तर बरे झाले असते. ते हसले नाहीत. म्हणाले, "वजनावरून. रिकाम्या डब्याचं वजन त्याच्यावरच ठोकलेलं असतं. वायू एक-दशांशाहून जास्त कमी भरला तर पुन्हा भरायचा. वजन करून बघा कधीतरी." चहा घेऊन ते गेले.

आता वजन करायचे कशावर? ब्रँचमध्ये नोटा मोजायचे यंत्र आहे, सोने तोलायचा काटा आहे. पण सोन्याच्या काट्यावर हा डबा ठेवला असता तर काटाच सर्व्हिसिंगला गेला असता. शेवटी सौभाग्यवतींचा वजनकाटा न्यायचे ठरवले. हा काटा आमच्या पलंगाखाली असतो आणि त्याच्यावर तिचा अजिबात विश्वास नाही.

"माझा काटा ऑफिसात? कोणाचं वजन वाढलंय तिथे?"

"डब्याचं कमी झालंय का ते बघायचंय."

"झालं असेल तर कसं केलं ते विचारून या," ती म्हणाली.

काटा पिशवीत घालून मी लालबागहून बस पकडली. कंडक्टरने पिशवी चाचपून पाहिली आणि "सामानाचं तिकीट पडेल" म्हणाला. मी म्हटले, "अहो, वजनकाटा आहे." तो म्हणाला, "मग वजन तुम्हीच सांगा."

ब्रँचमध्ये मी काट्यावर उभा राहिलो. ७१ किलो. मग डबा कवेत घेऊन उभा राहिलो. ८२. म्हणजे डब्याचे वजन ११. डब्यावरचे ठोकलेले अक्षर पुसले. 'रिकामे वजन ११ किलो. वायू साडेचार किलो.' म्हणजे काट्याने साडेशहाऐंशी दाखवायला हवे होते.

मी उतरलो. पुन्हा चढलो. शिपाईमामांना चढवले. मामा ५४, डब्यासह ६५. बी.कॉम.ला मला कॉस्टिंगमध्ये बरे मार्क होते, पण ही वजाबाकी करायला कॉस्टिंग लागत नव्हते. डबा रिकामा होता. थोडा कमी नव्हे, पूर्ण रिकामा. त्यावर सर्व्हिसिंगचे चार वर्षांचे चार स्टिकर एकावर एक होते आणि सगळ्यांत वरचा अजून चकाकत होता.

मी टेबलाशी आलो आणि रजिस्टर उघडले. चार वर्षे म्हणजे अठ्ठेचाळीस महिने. अठ्ठेचाळीस ओळी, अठ्ठेचाळीस सह्या. सगळ्या माझ्या, सगळ्या सुवाच्य. 'समक्ष तपासली' यातला 'समक्ष' तर मी दर वेळी जरा वळणदार काढला होता.

वाचकहो, मी दहाच्या नोटांची गड्डीही मोजल्याशिवाय घेत नाही. सख्खा भाऊ काउंटरवर आला तरी मोजतो. माल तारण ठेवून कर्ज द्यायचे तर गोदाम बघितल्याशिवाय आमच्याकडे कागद पुढे सरकत नाही. न बघता शेरा मारणाऱ्याची नोकरी जाते, आणि जावी असेच माझे मत आहे. मग हे अठ्ठेचाळीस शेरे मी कसे मारले? उत्तर सोपे आहे. नोटा कमी भरल्या तर संध्याकाळी कळते. डबा कमी भरला तर कळत नाही. जिथे पकडले जाण्याची सोय आहे तेवढ्याच जागी मी प्रामाणिक होतो. बावीस वर्षे ज्याला मी स्वभाव समजत होतो तो नुसता कॅश टॅली करण्याचा धाक होता.

सर्व्हिसिंगवाल्या मुलाला बोलावून घेतले. खूप बोलायचे ठरवले होते. तो आला, मी वजन करून दाखवले. तो घाबरला नाही, उर्मटपणाही केला नाही. खरे तेच म्हणाला, "साहेब, दीडशेमध्ये स्टिकरच येतो."

मी कागद घेतला आणि जो हिशेब चार वर्षांपूर्वी करायला हवा होता तो करायला बसलो. २,१०० भागिले चौदा, म्हणजे डब्याला दीडशे. आता पावडरचा डबा नीट बघायचा म्हणजे काय, ते मुलानेच सांगितले. दाब सोडायचा, तोंड उघडायचे, पावडर बाहेर काढून गोळे झालेत का बघायचे, वायसर बदलायचा, नळी तपासायची, पावडर भरायची, पुन्हा वायूचा दाब भरायचा, पिन आणि सील लावायचे. एकेका डब्याला अर्धा तास धरला तरी सात तास. म्हणजे एका शिकलेल्या हाताचा एक सबंध दिवस. शिवाय ठरावीक वर्षांनी डबा दाबाच्या चाचणीला न्यायचा, तो परत येईपर्यंत जागी दुसरा टांगायचा, टेम्पोचे भाडे, सामान. यात कोणाचा नफा अजून धरलेला नाही. दीडशे रुपयांत हे होत नाही, हे तिसरीतल्या मुलाला समजले असते. तिसरे कोटेशन खोटे बोललेच नव्हते. त्याने आकड्यातच सांगितले होते की मी काम करणार नाही. आम्हीच ते 'बचत' म्हणून वाचले.

म्हणजे पंधरा मिनिटांत चौदा डबे पुसणाऱ्या त्या पोराला चोर म्हणायचे, तर त्याच्याकडून चोरीचा माल ठरवून स्वस्तात घेणाऱ्याला काय म्हणायचे? आम्ही दीडशे रुपयांत सर्व्हिसिंग विकत घेतली नव्हती. डब्याकडे न बघण्याची सोय विकत घेतली होती. तेवढ्यासाठी दीडशे रुपये मात्र जरा महागच पडले; कारण न बघणे मला फुकटही येत होते.

मधल्या सुट्टीत हा विषय निघाला तेव्हा युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, "अरे, पंचवीस वर्षांत एकदाही लागला का डबा? मग दीडशेसुद्धा पाण्यात!" डबे खाणाऱ्या सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात दारावरच्या गार्डकडे माझे लक्ष गेले. त्याच्याकडे दुनळी बंदूक आहे. पंचवीस वर्षांत तीही कधी उडाली नाही. पण वर्षअखेरीस त्याला कोणी सांगितले नाही की यंदा दरोडा पडला नाही, सबब पगार परत कर. दरोडा न पडणे हे त्याचे काम आणि आग न लागणे हे मात्र आपले नशीब, असा आमचा हिशेब.

ताळेबंदात जे घडले ते लिहायला जागा असते. जे घडेल अशी भीती आहे त्यालाही असते. संभाव्य देणी म्हणून तळाशी बारीक अक्षरात लिहितात. जे घडले नाही त्याला मात्र रकानाच नाही. म्हणून तिथली कात्री कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पुलाचा रंग, लिफ्टचा दोर, लहान मुलांची लस, इमारतीचा जिना. जिथे चोख काम केले की 'काही झाले नाही' एवढेच दिसते, तिथे काम न करताही बरीच वर्षे तेवढेच दिसते.

संध्याकाळी घरी बाबांना सांगितले. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मिलमध्ये ते ब्लो-रूम खात्याला होते. मिलमध्येही खातीच असत. फरक एवढाच की त्यांच्या खात्यात कापूस जमा होई आणि आमच्यात माणसे. ब्लो-रूममध्ये कापसाच्या गाठी फोडून झोडपून काढतात. गाठीत एखादा लोखंडाचा तुकडा आला की ठिणगी, आणि भोवती सगळा पिंजलेला कापूस. बाबांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आम्ही पाळीला गेलो की आधी प्रत्येक बादलीत हात बुडवायचो."

"हात कशाला? वरून दिसत नाही का पाणी?"

"वर कापसाचा थर जमतो. वरून बादली भरलेली दिसते. हात घातल्यावर कळतं."

"कधी ठिणगी पडली होती?"

"आठवड्याला एखादी तरी."

"आणि आग?"

बाबांनी माझ्याकडे मी क्लार्कच का राहिलो हे आत्ता कळल्यासारखे बघितले. "आग कशाला लागेल? पाणी होतं ना!"

पुढे १९८२ चा संप झाला, मागाहून मिल बंद पडली. गिरणगावात जिथे कापूस होता तिथे काचेची ऑफिसे आणि हॉटेले आली. त्यातल्याच लोअर परळच्या कमला मिल कंपाउंडमध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री गच्चीवरच्या हॉटेलात आग लागली आणि चौदा माणसे गेली. पेपर वाचून बाबा त्या दिवशी एवढेच म्हणाले होते, "कापूस असताना आम्ही घाबरून असायचो रे." तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचे बोलणे वाटले होते. आता वाटते, त्या घाबरून असण्याचाच तो पगार होता. 'काही झाले नाही' हे दोन प्रकारचे असते. एक कमावलेले, एक सापडलेले. रजिस्टरात दोन्ही एकसारखीच दिसतात. कोणते कोणते आहे, हे फक्त सही करणाऱ्याला ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांना नोट दिली. "डबा क्रमांक ९ वजन केले असता रिकामा आढळला. मागील अठ्ठेचाळीस महिन्यांच्या नोंदी मी प्रत्यक्ष न पाहता केल्या होत्या." साहेबांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. साहेब माणूस वाईट नाही. मला म्हणाले, "पहिलं वाक्य ठीक आहे. दुसरं कशाला? डबा गुपचूप भरून घेऊ. झालं तर काहीच नाही!"

मोह झाला, हे कबूल करतो. डबा भरला असता, तर त्या अठ्ठेचाळीस ओळी आपोआप खऱ्या ठरल्या असत्या. निदान त्यांना कोणी खोटे म्हटले नसते. पण मग एकोणपन्नासाव्या ओळीवर मी स्वतः कसा विश्वास ठेवणार होतो? नोट तशीच राहिली. उरलेले तेरा डबे नीट उघडून पाहिले. दोन डब्यांत पावडरचा चुन्यासारखा घट्ट खडा झाला होता. काटा दोन्हींचा हिरव्यात होता. दुसरे कोटेशन मंजूर झाले, आणि त्या फाइलीवर ज्यादा खर्चाचे समर्थन मला दीड पान लिहावे लागले. बचतीचे एका ओळीत झाले होते.

माझ्या पर्सनल फाइलीत एक ताकीदपत्र लागले. बावीस वर्षांत त्या फाइलीत माझ्याविषयी लागलेला तो पहिला कागद. ब्रँचमध्ये काही दिवस माझ्याशी लोक जपून बोलत. कारण रजिस्टरे सगळ्यांकडेच आहेत. पण एक दिवस कोणी बघत नाही असे पाहून हेडकॅशियरनी आपल्याकडची फर्स्ट एडची पेटी उघडली. तिच्यात कैरीचे लोणचे निघाले. सुस्थितीत आढळले.

रजिस्टरात आता 'वजन' असा एक नवा रकाना आहे. तो मीच पट्टीने आखला. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी वजनकाट्याची पिशवी घेऊन लालबागहून बसने येतो, डबा कवेत घेतो आणि काट्यावर उभा राहतो. या कामाला चार सेकंदांऐवजी पाऊण तास लागतो. डब्याचे वजन साडेपंधरा किलो स्थिर आहे. माझे मात्र दोन किलोंनी वाढले आहे आणि वजाबाकी असल्यामुळे तेही रजिस्टरात नोंदवावे लागते. काटा घराबाहेर असतो त्या दिवशी सौभाग्यवती श्रीखंड करते.

परवा महिनाअखेरीला घरी पोचलो तेव्हा बाबा गॅलरीत बसले होते. पिशवी बघून म्हणाले, "काय रे, झालं का काही?"

"नाही. काही नाही झालं."

"बघितलं होतंस?"

"हो, बाबा."

"मग हात धू आणि जेवायला बस," ते म्हणाले.